पोट म्हणजे नेमकं कुठे?

आपल्या घरांत ‘पोट’ या शब्दाला फार राबवून घेतात, मंडळी. पाळी आली की बाई म्हणते, पोट दुखतंय. खोपटला राहणारी वैशालीही सासऱ्यांसमोर असंच म्हणायची. पोटातले पेटके सैल करणारी एक गोळी तिला डॉक्टरांनी लिहून दिलेली. ती घेतली की तासाभरात वैशाली परत ओट्याशी उभी, हे सासरे दगडूअण्णा दर महिन्याला बघत होते.

अण्णांनी एसटी डेपोत तीस वर्षं इंजिनं खोलली, पण स्वतःचं दुखणं सांगायची वेळ आली की तोंडाला कुलूप. त्या सकाळी ते एवढंच म्हणाले, “पोट दुखतंय गं. तुझी ती गोळी दे.” तिने मायेने दिली. दुपारी दुखणं वाढलं. स्ट्रिप संपलेली, म्हणून ती नाक्यावरच्या मेडिकलमध्ये धावली.

तिथे योगिनीताई. विचारपूस केल्याशिवाय ही बाई औषध काही काढत नाही, आणि त्यावरून तिला नावं ठेवणारेही पुष्कळ आहेत.

“गोळी तुलाच ना?”

“नाही, अण्णांना. सकाळी एक दिलेली, फरक नाही पडला. आता दोन देते.”

“थांब. पोट म्हणजे नेमकं कुठे?”

“पोट म्हणजे पोट, ताई. घाईत आहे मी.”

“फोन लाव त्यांना. माझ्याकडे दे.”

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. योगिनीने सरळ विचारलं, “काका, लघवी होतेय का नीट?”

वैशालीने मान खाली घातली.  पलीकडून अण्णा पुटपुटले, “कालपासून थेंब थेंबच. सुनेला कसं सांगायचं?”

योगिनीने वैशालीला बाजूला घेतलं. “ही गोळी आतले स्नायू सैल करते, म्हणून तुझे पेटके सुटतात. पण मूत्राशयसुद्धा स्नायूचंच असतं. तेच सैल पडलं तर लघवी बाहेर ढकलणार कोण? उतारवयात प्रोस्टेटची गाठ वाढलेल्या माणसाची ती पार अडू शकते. रिक्षा कर, आत्ता हॉस्पिटलला ने.”

अगं आई गं, मी हे काय करून बसले! वैशाली रिक्षा शोधायला पळाली.

हॉस्पिटलात नळी घालून लघवी मोकळी केली. “अजून दोन गोळ्या दिल्या असत्या तर किडनीवर बेतलं असतं,” डॉक्टर म्हणाले. वैशालीने मनातल्या मनात योगिनीला हात जोडले. चार गिऱ्हाइकं खोळंबवून असा प्रश्न विचारायला छाती लागते.

पुढच्या महिन्यात वैशाली अण्णांसमोर उभी राहिली. कान तापले होते. “अण्णा, पाळी आलीये. ओटीपोटात दुखतंय.”

अण्णांनी पेपर खाली ठेवला. “पड तू. कुकर मी लावतो.”

तेव्हा मंडळी, एकाला लिहून दिलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. अशा गोळीने डोळ्यातला दाबही वाढू शकतो, म्हणून काचबिंदू असेल, लघवी अडत असेल, तर औषध घेण्याआधी तसं सांगा. आणि मेडिकलवाल्या ताईंनी चारचौघांत विचारलं, तर न लाजता खरं उत्तर द्या.