पट्ट्यावरची खूण

धाकटीचा पट्टा रोज सकाळी आधी मी घालायचे. हनुवटीखालून दोन्ही गालांवरून वर टाळूवर नेऊन चिकटवायचा, दुसरी पट्टी मानेमागून. आरशात बघितलं की दाढदुखीने गेलेल्या बाईचं भूत दिसायचं. पण त्याशिवाय कळणार कसं, घट्ट म्हणजे किती घट्ट? ऑपरेशननंतर तिचे गाल बधिर होते. विचारावं तर 'काहीच कळत नाही गं' एवढंच यायचं. नर्सबाईंनी बजावलं होतं, सैल राहिला तर सूज मुक्काम ठोकेल, फार आवळला तर कातडीला रक्त मिळणार नाही. म्हणून मी माझ्या गालांवर आवळून बघायचे, जिथे नीट बसेल तिथे पेनाने खूण करायचे, मग सुजेपुरता सैल सोडून तिला बांधायचे. माझे गाल चालायचे, कारण ते तिचेच होते. आम्ही जुळ्या.

जुळ्या म्हणजे आईसुद्धा फसायची अशा. मी काही मिनिटं आधी आले, तेवढ्या भांडवलावर जन्मभर ताई म्हणवून घेतलं. एकीच्या खोडीचा मार दुसरीने खाल्ला, एकीची तोंडी परीक्षा दुसरीने दिली. लग्नाच्या भानगडीत दोघीही पडलो नाही. मी शाळेच्या ऑफिसात चिकटले, ती चष्म्याच्या दुकानात, आणि राहिलो एकाच घरात. माझं ऑफिस सुटलं की मी तिच्या दुकानावर जायचे. गिऱ्हाइकं आळीपाळीने आमच्याकडे बघायची, चष्मा काढून पुसायची, पुन्हा बघायची. मला फार मजा वाटायची. तिला वाटते का, हे मी कधी विचारलं नाही.

गाल ओढून घट्ट करायच्या या ऑपरेशनचं तिने मला तारीख ठरल्यावर सांगितलं. दिवसभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे चढवायचे आणि आरशात त्यांच्या शेजारी आपले लोंबलेले गाल बघायचे, याचा कंटाळा आला म्हणाली. मी म्हटलं, पन्नाशी उलटली, आता कोण बघतंय. मग गप्प बसले, कारण बोलून उपयोग नव्हता आणि रजेचा अर्ज लिहायचा होता. मला भीती एकाच गोष्टीची होती. पट्टा निघेल तेव्हा आतून जी बाई निघेल, ती माझ्यासारखी दिसेल का?

दमले मात्र मी. उशा रचून तिला अर्धवट बसवून झोपवायचं, सूप गाळायचं, केळं कुस्करायचं, एक पट्टा धुवायचा, दुसरा वाळवायचा. हसलीस तर टाके ताणतील, म्हणून घरात विनोद बंद. तोंड उघडत नव्हतं, त्यामुळे ती दातांतल्या दातांत बोलायची आणि मी 'काय?' 'काय?' करत बहिरी ठरायचे. शेजारच्या मावशींना दाढेचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्या रोज दारात उभ्या राहून नवा दंतवैद्य सुचवायच्या. रात्री पाठ टेकली की वाटायचं, आजारी नसलेल्या माणसाची सेवा करण्यात जास्त थकवा येतो.

सूज हळूहळू उतरत होती. माझी खूण आणि तिची जागा यांतलं अंतर रोज थोडं कमी व्हायचं, आणि एका सकाळी पट्टा दोघींनाही एकाच खुणेवर बसला. मी तो पुन्हा सोडला आणि तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखालचा पिवळेपणा सोडला तर ती म्हणजे मीच. मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, एवढं कापलं-शिवलं आणि सगळं मुसळ केरात. त्या दिवशी मी गुणगुणत भांडी घासली.

पण सूज काही कोणासाठी थांबत नाही. उतरता उतरता ती माझ्या चेहऱ्यापाशी आली आणि तशीच पुढे निघून गेली. दोनेक दिवसांतच पट्टा तिला ढिला व्हायला लागला. मला दिसत होतं. तरी मी माझ्याच खुणेवर चिकटवत राहिले.

मग एका सकाळी तिने गालावर हात फिरवून पट्टा चाचपला. गालांना आता थोडी जाग येत होती.

"ताई, सैल बांधतेयस."

"खुणेवरच तर आहे."

"ती तुझी खूण आहे."

तिने स्वतःच पट्टा सोडला आणि मांडीवर घेऊन बसली. पुढच्या आठवड्यात ती कामावर जाणार होती. दुकानात प्रवासाला जाते म्हणून सांगितलं होतं, ते मला ठाऊक होतं. पुढचं ती माझ्याकडे न बघता म्हणाली. काही दिवस मी दुकानावर येऊ नये. मी शेजारी उभी राहिले की ती आधी कशी दिसायची, ते सगळ्यांना आयतंच दिसेल.

इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. सूप गाळणारी मी, पट्टे धुणारी मी, आणि आता मला लपवून ठेवायचं. मला रडू येत होतं, पण आधी राग आला.

"तो चेहरा माझाही होता," मी म्हणाले. "एका शब्दाने विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

मला विचार करावा लागला नाही. "म्हणाले असते, चल, मीही येते. दोघींचं करून घेऊ."



"म्हणूनच नाही विचारलं," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मग ती पाठ करून बसली, कारण मानेमागची पट्टी तिला एकटीला जमत नव्हती. मी पट्टा घेतला. माझ्या तोंडाला न लावताच तिच्या हनुवटीखाली धरला, आणि इथे बरं वाटतं का, अजून थोडा ओढू का, असं तिलाच विचारत आवळत गेले.