सेंटरचं मत

डगने बोटाला थुंकी लावली आणि फळ्यावर सगळ्यात वर असलेलं लेनी साबोलचं नाव पुसून टाकलं. मग तेच नाव चौथ्या जागी, जरा बारीक अक्षरात लिहिलं.

"अरे, आजचं सूप कुठलं ते तरी राहू दे!" काउंटरमागून आयरीन ओरडली. फळा तिचा होता.

रविवारची प्रार्थना आटोपली की स्लोव्हाक क्लबात बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी, बिअर आणि हाच वाद. आपल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा आजवरचा सगळ्यात थोर क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, कोण? गावातली पोलादाची भट्टी बंद पडली, दोन चर्चचं मिळून एक झालं, पण हा वाद काही मिटला नाही.

"आताची पोरं एका मोसमात जेवढे पास फेकतात, तेवढे लेनीने शाळेच्या सगळ्या वर्षांत मिळून फेकले नसतील," डग म्हणाला. "आकडे बोलतात, बाबांनो."

"आम्ही चिखलात खेळायचो! आता नुसता धक्का लागला तरी पंच शिटी फुंकतो," बर्नी उसळला. "लेनी पहिला. विषय संपला."

लेनी कोपऱ्यात बसून डाव्या हाताने पिरोगी कापत होता. उजव्या खांद्याचा झिजलेला सांधा काढून डॉक्टर उद्या तिथे धातूचा बसवणार होते. फळ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. पिरोगीचे मात्र पार बारीक तुकडे झाले होते आणि त्यातला एकही तोंडात गेला नव्हता.

"तू म्हणणारच," डग हसला. "तू त्याचा सेंटर. वाकून पायांमधून चेंडू त्याच्या हातात द्यायचा आणि मान खाली घालून समोरच्या रेड्यांना अडवायचं. खरं सांग बर्नी, लेनीचा एक तरी पास तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलास का?"

बर्नीने बिअरचा ग्लास खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "लोक ओरडले की कळायचं."

क्लबात एकच हशा पिकला. बर्नीचे कान लाल झाले. इतकी वर्षं छाती ठोकून दिलेलं मत एका फटक्यात फुकट गेलं होतं.

लेनीने काटा खाली ठेवला.

"चल बाहेर. उद्यापासून हा खांदा माझा नाही. आज बघून घे."

"वेड लागलंय का तुला? डॉक्टर काय म्हणतील?" आयरीन म्हणाली.

"ते उद्या फेकूनच देणार आहेत की!"

पुटपुटतच आयरीनने फळीवरचा जुना चेंडू काढून दिला. गाड्या लावायच्या जागेत डग पार दुसऱ्या टोकाला, आपल्या ट्रकपाशी जाऊन उभा राहिला.

"बर्नी, तू नुसता उभा राहून बघ," आयरीनने बजावलं.

"आणि चेंडू त्याला कोण देणार? तू?"

बर्नी वाकला. गुडघे कडकडले. मागून लेनीचा इशारा आला, थोडा चिरका, पण तोच जुना. चेंडू मागे गेला.

मग सगळे एकदम ओरडले. ट्रकपाशी डग चेंडू छातीशी धरून उभा होता. त्याला जागचं हलावंही लागलं नव्हतं.

"च्यायला!" एवढंच तो म्हणाला.

खांदा दाबत लेनी पुढे आला. बर्नी अजून तसाच वाकलेला, हात पसरून, समोर कुणीच नसलेल्या जागेला अडवत.

"पाहिलास?"

"कसा बघणार, गाढवा? तुला सांभाळत होतो ना!"

लेनीचे डोळे भरून आले होते.

"बघतोस काय नुसता? गुडघे अडकलेत माझे. हात दे."

लेनीने हात दिला. उजवा.