फोटोपुरता चषक

मित्रांनो, मी एक जुना चषक आहे, आणि कितीतरी वर्षे मला माझीच किळस येत होती.

जन्म चांगला झाला होता. कारागिराने पितळेवर चांदीचा मुलामा चढवला, शर्टाच्या बाहीने मला पुसले आणि बायकोला हाक मारून कौतुकाने दाखवले. माझ्या पोटावर त्याने कोरले : 'फुटबॉलमधील असामान्य योगदानाबद्दल मानद पुरस्कार'. खाली नावासाठी जागा सोडली.

पण फुटबॉल संघटनेची रीतच निराळी. दरवर्षी नावाची कागदी पट्टी डिंकाने चिकटवायची, मंचावर टाळ्या, फोटो, आणि मागच्या दाराशी सचिवांनी मला काढून घ्यायचे. "तुमचा घरपोच येईल हं!" कुणाच्या घरी काही पोचले नाही. चौदा वर्षांत चौदा माणसे हसत हसत फसली आणि लाजेपोटी गप्प बसली. उरलेले वर्षभर मी सचिवांच्या टेबलावर. दात कोरलेल्या काड्या, कापलेली नखे, चघळून थुंकलेले च्युइंगम, सगळे माझ्या पोटात. शी! आणि पाहुण्यांना सांगायचे, हा आमचा सर्वोच्च सन्मान.

पंधराव्या वर्षी पुरस्कार घ्यायला शिट्टीबाई आल्या. मुलींनीच ठेवलेले हे नाव. तीस वर्षे दगडगोट्यांच्या मैदानावर त्यांनी मुलींना खेळायला शिकवले. गुडघे गेले, शिट्टी गेली नाही. त्यांनी मुलींना शब्द दिला होता : चषक उद्या मैदानावर आणते, प्रत्येकीने हातात घ्यायचा.

मागच्या दाराशी सचिव आडवे आले. "द्या बाई इकडे."

"का? मला दिलाय ना?"

"तो फोटोपुरता हो. समजून घ्या जरा."

"मग टाळ्याही परत घेताय का?"

सचिव हसले आणि माझे दोन्ही कान धरून त्यांनी हिसडा मारला. बाईंच्या हाती कागदाची पट्टी तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सतरा मुलींना घेऊन कार्यालयात हजर. सगळ्यांच्या बुटांना चिखल.

"पोरींना चषक बघायचाय. बघू तरी द्याल?"

"बघा, बघा. पण पाय पुसा आधी! गालिचा आहे तो!"

सचिव गालिच्याकडे बघत राहिले. पहिलीने मला उचलले, नाक मुरडून पोटातली घाण टेबलावर ओतली आणि मला दुसरीकडे दिले. दुसरीने तिसरीकडे. रांग दारातून बाहेर, जिन्यावरून खाली, थेट फाटकापर्यंत गेली होती.

"अहो, चषक कुठाय?" सचिव ओरडले.

"पास दिला," बाई म्हणाल्या. "तुम्ही फुटबॉलवालेच ना? एवढंही कळलं नाही?"

आता मी मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत असतो. मला पोचे पडलेत, मुलामा उडालाय. मुली मला पाळीपाळीने घासतात. परवा संघटनेचे पत्र आले : चषक आठ दिवसांत परत करा, नाहीतर तुमच्या मुलींना एकाही स्पर्धेत खेळू देणार नाही. बाईंनी पत्र मुलींना मोठ्याने वाचून दाखवले. "बोला, द्यायचा?" सतरा जणी एका सुरात "नाही" म्हणाल्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून काचेत ठेवू नका, त्याची मला हौस नाही. पण मोठेपणी कुणाला मान द्याल, तर तो मागच्या दाराने हिसकावून घेऊ नका. तेवढी लाज बाळगा. आणि मुदत संपल्यावर संघटनेवाले मला न्यायला येतील तेव्हा, जमलेच तर, मैदानावर या. सतरा पोरी एकट्या पडायला नकोत.