समुद्रस्नानास मनाई

नासिर मेला.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही, मीही लिहिलं नाही. साल सत्तावन्न आहे आणि नासिर बोरी अरबच्या चौकात सायकलींचे पंक्चर काढून राह्यला आहे, असं धरून पुढं चलू.

मी रूपसिंग, तांड्यावरून आलेला, ग्रामपंचायतीत नवा कारकून. गावात माझ्याशी कामाशिवाय बोलणारा माणूस एकच, नासिर. तोही जमिनीवर फारसा बोलायचा नाही. आमचं सगळं बोलणं संध्याकाळी, अडाण नदीच्या डोहात, गळ्यापर्यंत पाण्यात.

बाजाराचा नाला त्याच डोहात उतरतो. उन्हाळ्यात तालुक्याचे डॉक्टर आले, पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. मग निरोप आला: पाण्यात तापाचे जंतू आहेत, पाटी लावा. पाटी वरून कुठूनशी तयारच आली. पत्र्याची, निळी, सुबक. राज्यांची फेररचना होऊन आपण तेव्हा नुकतेच समुद्राच्या राज्यात सामील झालो होतो. पाटीवर होतं, ‘समुद्रस्नानास मनाई आहे.’

सरपंच बाबारावांनी ती दोनदा वाचली.

“समुद्र कुठं हाय बे आपल्याकडं?”

“नाही ना, बाबारावजी. पण त्यायले डोहच म्हनायचा असन.”

“अर्थ तू कायले लावतं? लिवलं ते लिवलं. बाभळीले ठोकून दे.”

ठोकली. लोक पाटी वाचत आणि निर्धास्त पोहत. समुद्रात कुणीच उतरत नव्हतं, म्हणजे गावानं मनाई अगदी काटेकोर पाळली.

मी नासिरला सांगितलं, “जंतू हाय त्यात. नको उतरू.”

“तुले दिसले?”

“दिसत नाही म्हनून तं जंतू.”

“मंग बोलू कुठं आपन? पंक्चरच्या घमेल्यात?”

तो उतरला. मी काठावरच बसलो. त्या दिवसापासून आम्हाला ओरडून बोलावं लागलं, आणि ओरडून बोलण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतं.

मग तो यायचा बंद झाला. घरी गेलो तर त्याची आई जोहराबी दारातच म्हणाली, “मुदतीचा ताप हाय म्हन्ते डाक्टर.”

आतून नासिर, खाटेवरून: “रूपसिंग, मुदत म्हन्जे सरकारीच काम दिसते. शिक्का तुयाच जवळ हाय, वाढवून दे ना.”

“वाढवतो.”

“तापाची नको वाढवू बे. मायी वाढव.”

तो हसला. हसायलाही त्याला मधे थांबावं लागलं. जोहराबीनं त्याच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि माझ्याकडं पाहिलं. मी शिक्का घेऊन आलो नव्हतो.

पुढचं मी धरत नाही. त्याऐवजी अर्ज केला, तो असा:

‘प्रति, संबंधित अधिकारी. सदर डोह हा समुद्र नाही. सबब त्यात केलेलं स्नान झालंच नाही, असं समजण्यात यावं. आणि नासिर, धंदा सायकल दुरुस्ती, यास संध्याकाळी पूर्ववत काठावर हजर करून घेण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.’