लाल पेन्सिलीची सही

म्हसावदजवळच्या एका खेड्यात रतिलाल गुरुजींकडे चौथीचा वर्ग होता. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. पोरांनी रोज पाहिलेलं काहीतरी निरीक्षणवहीत लिहावं, गुरुजींनी ते वाचून खाली दोन शब्द लिहावेत, असा वरचा हुकूम. पोरं इमानानं लिहीत. गुरुजी मात्र पाट्या टाकीत. दर शनिवारी उघड्या वह्या एकावर एक रचायला लावायच्या आणि गप्पा हाणता हाणता लाल पेन्सिलीनं ‘पाहिले’ ओढत सुटायचं. साहेब सह्या मोजतात, मजकूर कोण वाचतो, असं म्हणायचे.

भादव्यात त्यांच्या वर्गातली रूपली गेली. शेवटी पाण्याचा पेला दिसला तरी पोर किंचाळायची. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, पिसाळलेलं कुत्रं चावलंय, आता इलाज नाही. चावलं तेव्हाच आणली असती तर पोटात चौदा सुया देऊन वाचवता आली असती. पण चावल्याचं घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

तेराव्यानंतर तिची आई, धनुबाई, वही घेऊन शाळेत आली. तिला अक्षरओळख नव्हती.

“गुरुजी, पोर रोज लिखे. काय लिखेल शे, वाची सांगा.”

गुरुजी वाचू लागले. मुंग्यांची अंडी, सुगरणीचं घरटं. मग आषाढातलं एक पान आलं, तेही त्यांनी मोठ्यानं वाचलं.

‘खळ्यातले पिल्लू पाणी पीत नाही. तोंडातून फेस येतो. काल मला चावले. घरी सांगितले तर वडील त्याला मारतील. गुरुजी, मी काय करू?’

धनुबाईनं खालच्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. “आनि हाई लाल काय शे?”

“माझी सही. पाहिलं म्हणून.”

“मंग तुमले मालूम व्हतं?”

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “नाही धनुबाई. मी वाचलंच नव्हतं.”

पुढं नोकरी संपेपर्यंत त्यांनी प्रत्येक वही वाचली, प्रत्येक पोराला उत्तर दिलं. वरातीमागून घोडं. त्यातलं पहिलं उत्तर त्यांनी त्याच दुपारी लिहिलं, कारण धनुबाई हलायलाच तयार नव्हती.

“तिनी तुमले इचारेल शे,” ती म्हणाली. “जबाब लिखी द्या.”

गुरुजींनी पेन्सिल उचलली. दोनच ओळी झाल्या.

“काय लिखं?”

त्यांनी वाचून दाखवलं, “रूपली, आजच्या आज आईला सांग. मी तुझ्याबरोबर येतो.”

धनुबाईनं वही पदराखाली घेतली आणि ती घराकडे निघाली.