आत्याचं कुर्र

मंगलचा पाय प्लास्टरात, आणि परवा हैदराबादला भावाच्या बाळाचं बारसं. बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र करायचा मान आत्याचा. सख्खी आत्या एकच, आणि तीही इकडं नौबादला पलंगावर पडलेली. "तुजा आवाज पाठीव. मी फोन बाळाच्या कानाशी धरतो," भाऊ बालाजी म्हणाला होता. नाहीच जमलं तर चुलतबहीण विजयश्री होतीच. ते 'होतीच' मंगलला सकाळपासून टोचत होतं.

फोनवर तिनं रेकॉर्ड करून पाहिलं, तर कुजबुज कमी आणि रस्त्यावरच्या लॉऱ्याच जास्त. म्हणून शेजारचे अंबाजीमामा आपला मिक्सर आणि माइक घेऊन आले. लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावण्यात त्यांची हयात गेलेली. मिक्सरची वायर त्यांनी पलंगाशेजारच्या कॉम्प्युटरच्या मागं गुलाबी भोकात खोचली.

"बोल पोरी."

बाळाचं खरं नाव बारशाआधी मामांनाही कळू द्यायचं नव्हतं. मंगल हळूच "शेंगदाणे" म्हणाली. कॉम्प्युटरमधून ते पत्र्यावर खडे ओतल्यासारखं बाहेर आलं.

"बाळ भिऊन रडंल की ओ मामा! राहू द्या. विजयश्री करंल."

"कामून घाई करायलीस? तुजा आवाज वाटंत कुठंतरी बिघडायलाय. कुठं ते बगू. हेडफोन अगोदर मिक्सरला लाव."

मंगलनं लावला, पुन्हा शेंगदाणे म्हणाली. "इथं तर चांगला हाय."

"आता कॉम्प्युटरला लाव."

"इथं फाटायलाय."

"मग?"

"बिघाड मिक्सरच्या पुढं हाय." तिनं कॉम्प्युटर आपल्याकडं फिरवून घेतला. गुलाबी भोकापाशी बारीक चित्र होतं. "मामा, ह्याच्यावर माइक काढलाय. आपण तर मिक्सर लावलाय!"

"आरं तिच्या!" मामांनी कपाळावर हात मारला. "चुकलं माजं. हे भोक नुसत्या माइकचा बारीक आवाज वाढवून घेतंय. मिक्सरनं तर तो आधीच वाढवलाय. आमटीत सासूनं मीठ घातलं, वर सुनंनं बी घातलं!"

वायर शेजारच्या निळ्या भोकात गेली; ते आधीच वाढवलेल्या आवाजासाठी होतं. आवाज आता निळ्या भोकातून घ्यायचा, हे मंगलनं कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्येही निवडलं. मामांनी मिक्सरची बटणं शेवटापर्यंत फिरवून ठेवली होती, ती त्यांनी तिला एकेक करून खाली आणायला लावली. मग चप्पल घालून ते अंगणात गेले आणि दार ओढून घेतलं.

मंगलनं माइक ओठांजवळ घेतला. थोड्या वेळानं हेडफोनमध्ये तिचीच कुजबुज ऐकू आली, स्वच्छ, अगदी कानाशी. ती दोनदा ऐकून तिनं बालाजीला पाठवली आणि लगेच फोन लावला.

"आधी तू ऐकायचं न्हाई. पहिल्यांदा बाळानंच ऐकायचं. आणि कुर्र करताना आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतेत की न्हाई? तेवढे विजयश्रीला घाला म्हणावं."