पाय जमिनीला लागेपर्यंत

‘माझ्या पोरीचे पाय जमिनीला लागेपर्यंत मी बसणार नाही, माई.’

शरयूकाकू ग्वारीघाटावर हा नवस बोलल्या, तेव्हा मी जीपच्या टपावर दोरीनं बांधलेला होतो. आमच्या जबलपुरात नवी गाडी घेतली की आधी नर्मदामाईला दाखवून आणतात. मी काही गाडी नव्हतो, आणि नवाही नव्हतो. मी एक हँग ग्लायडर. अल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर ताणलेलं पिवळं कापड, खाली धरायला त्रिकोणी दांडी, एवढाच माझा संसार. उडणारा पाठीवर झोळी बांधतो, झोळीची कडी माझ्या मधल्या पट्ट्यात अडकवतो आणि मला खांद्यावर घेऊन टेकडीच्या उताराला धावत सुटतो. पुढं वारा आणि मी, आम्ही दोघं त्याला सांभाळतो.

काकूंनी माझ्या पिशवीला हळदकुंकू लावलं.

“आई, सेकंडहँड आहे गं तो,” सलोनी म्हणाली.

“मग? जुन्याला काय देव लागत नाही?”

सलोनी त्यांची एकुलती एक. वडील गेल्यावर मायलेकी दोघीच. पोरगी शाळेत विज्ञान शिकवायची आणि रविवारी पाटनच्या रस्त्याकडल्या टेकडीवर उडायला शिकायची. काकूंनी ‘नको’ असं एकदाच म्हटलं. मग त्या घाटावर गेल्या. उपासतापास करणारी बाई, पण लेकीला बांधून ठेवायचं व्रत तिला कधी जमलं नाही.

पुढच्या रविवारपासून काकू टेकडीवर येऊन उभ्या राहू लागल्या. कुणी खुर्ची आणायचं, त्या पदर सावरून म्हणायच्या, “राहू दे बाबा, पोरगी वर आहे.” सलोनी खालच्या शेतात दोन पायांवर उतरली की मगच त्या दगडावर टेकायच्या आणि डब्यातली साबुदाण्याची खिचडी सगळ्यांना वाटायच्या.

वीरेंद्र भैया तिथले शिकवणारे. एकदा ते हसून म्हणाले, “काकीजी, खड़ी तो हो ही, ज़रा तार पकड़ लो.”

तेव्हापासून माझ्या नाकाकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, तारा काकूंच्या हातात आल्या. उडण्याआधी आमच्यात एक रीत असते. एकानं पुढून तारा धरायच्या आणि उडणाऱ्यानं झोळीत पालथं लटकून दाखवायचं. कडी अडकली असेल तर माणूस तरंगतो, नसेल तर तिथल्या तिथं गवतावर पडतो. एवढी साधी गोष्ट. पण झोळीचे पट्टे अंगाला इतके आवळलेले असतात, की कडी सुटी असली तरी माणसाला आपण बांधलेलेच आहोत असं वाटतं. “जब तक लटके नहीं, तब तक छोड़ना नहीं,” भैयांनी काकूंना बजावलं होतं.

सलोनी लटकायची. काकू वाकून कडी बघायच्या आणि म्हणायच्या, “नर्मदे?”

“हर!” सलोनी ओरडायची. मग काकू तारा सोडायच्या.

एकदा वारा नेमका जुळून आला होता आणि सलोनीला घाई झाली होती. “आई, सोड ना! आत्ताच तर बघितलं तू!”

“मघाचं मघा झालं. पुन्हा लटक.”

“काहून इतकं करून राहिली तू?”

“नवस आहे माझा. लटक.”

मागे रांगेतले सगळे हसले होते. सलोनीही हसत हसत लटकली होती.

माझ्यासोबत तिचे दोन हिवाळे गेले. मी सावकाश उडणारा, चुका पोटात घालणारा, शिकाऊ पोरांचा ग्लायडर. हात पक्का झाला की माणूस माझ्यापुढं जातो, जायलाच हवं. एका रविवारी बाहेरगावचा एक विक्रेता तीन नवे ग्लायडर घेऊन आला. उडवून बघा, जो पटेल तो घ्या. कापड कोरं, पंख निमुळते, कापडातल्या काड्या कडक. तुलनेसाठी मला त्यांच्या शेजारी मांडलं, तेव्हा माझ्या कापडावरची ठिगळं मलाच दिसली.

भैयांचा दंडक होता, की नव्यावर पहिली झेप सकाळच्या शांत हवेत, सरळ जायचं आणि सरळ उतरायचं, करामती नाहीत. पहिला नवा उडवून सलोनी वर आली ती घामानं भिजलेली. “आई, हा वळतो उशिरा गं. पण पळतो काय!”

“नवी सून आहे ती. पहिल्याच दिवशी नावं ठेवू नको. दोन दिवस दे तिला.”

दुसरा तिला फारच तापट वाटला. तिसरा, निळा, पुढच्या रविवारी उडवायचं ठरलं.

त्या आठवड्यात काकूंचा गुडघा सुजला. सलोनी म्हणाली, “आई, या वेळी घरीच थांब. आणि बघ, मी आता मोठे ग्लायडर उडवून राहिले. आई तारा धरून उभी असली की लहान मुलीसारखं वाटतं मला.”

काकूंना ते लागलं असेल. पण त्या एवढंच म्हणाल्या, “बरं. मी देवासमोर उभी राहीन. उतरलीस की फोन कर.”

हे मला काकूंनीच नंतर सांगितलं, माझी पिशवी पुसताना. तिकडं त्या सुजल्या गुडघ्यानं देवघरासमोर उभ्या राहिल्या. व्रतात कसूर केली नाही.

इकडं निळ्याच्या तारा क्लबातल्या एका भल्या पोरानं धरल्या होत्या. सलोनी लटकली. झोळी खाली आली, पोट दांडीला घासत होतं. पट्टा आखूड करायला ती कडी सोडून बाहेर आली. पट्टा आखूड झाला. एवढ्यात समोरून छान, एकसारखा वारा आला. भैया उताराच्या टोकाला वाऱ्याचं निशाण बघत होते, त्यांनी हात केला. सलोनीनं हेल्मेट बांधलं आणि दांडी उचलली.

“रेडी, दीदी?”

“रेडी.”

पुन्हा लटक, असं कुणी म्हटलं नाही. मघाशी तर लटकली होती. मी बाजूलाच होतो. तिच्या पाठीमागं कडी रिकामी झुलत होती, मला दिसत होती. पण मला तोंड कुठं आहे? वाऱ्यानं माझं कापड फडफडलं, आणि कुणीतरी मला दगड लावून दाबलं.

ती धावली. निळा उचलला गेला, आणि ती दोन हातांनी दांडीला लोंबकळत गेली. हात किती वेळ धरणार?

घरी फोन आला, पण तो वीरेंद्र भैयांचा.

तेरावं झालं तरी काकू टेकल्या नाहीत. निजायच्या तेवढ्याच, बाकी जेवण उभ्यानं, रडणं उभ्यानं. शहरातल्याच ओमतीहून धाकटी जाऊ लता आली, तिनं हात धरून विनवलं. “वहिनी, बसा आता. नवस संपला हो.”

“उद्यापन कुठं झालं लता? पाय कुठं लागले पोरीचे?”

मी व्हरांड्यात पडून होतो. भंगारवाला मोल करून गेला, काकूंनी मला दिलं नाही. पावसाळा सरला आणि एका रविवारी त्यांनी भैयांना बोलावून मला पुन्हा जीपवर चढवलं. टेकडीवर पोचलो. काकू सरळ माझ्या नाकापाशी आल्या आणि तारा हातात घेतल्या.

“कुणाला उडायचं आहे?”

राखी म्हणून एक नवी मुलगी पुढं आली. भेदरलेली होती. ती लटकली. काकूंनी वाकून कडी बघितली, बोटानं हलवून बघितली. राखीनं कानामागचे केस हेल्मेटमध्ये खोचायला म्हणून क्षणभर पाय टेकले.

“पुन्हा लटक,” काकू म्हणाल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

“नर्मदे?” त्यांनी विचारलं.

“हर,” राखी हळूच म्हणाली.

मी तिला घेऊन गेलो. जपून गेलो. शेतात ती धडपडली, पण दोन पायांवर उभी राहिली आणि वर बघून ओरडली, “उतरले, काकू! बसा आता!”

काकू दगडापर्यंतही गेल्या नाहीत. होत्या तिथंच गवतावर बसल्या, आणि सलोनी गेल्यापासून पहिल्यांदा बसून रडल्या.

आता माझं कापड विटलंय, नळ्यांवर पोचे आहेत. काकू म्हणतात, अजून चालशील. दर रविवारी त्या उभ्या असतात, कुणाच्या ना कुणाच्या पोरासाठी. निळा ग्लायडर कुठं गेला, कुणी विचारत नाही.

तुमच्याही घरातून कुणी ना कुणी रोज निघत असेल, घाईत, हसत, ‘आत्ताच तर बघितलंस’ म्हणत. देवासमोर उभे राहाच, ते वाया जात नाही. पण त्याआधी दारापर्यंत या. तारा धरा, कडी बघा, त्यांना राग आला तरी पुन्हा एकदा बघा. आणि त्यांचे पाय टेकेपर्यंत उभे राहा. काकू बोलल्या तो नवस तुम्हीही एकदा बोला.